लिवते तर मोबाइल बी, पण इचारते कोण?

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. घाईत असाल तर रात्री जेवण झाल्यावर वाचा, पण वाचा. मधे एक कबुली आहे. ती मला बऱ्याच दिवसांपासून द्यायची होती.

परवा सकाळी बसस्टँडसमोरच्या टपरीवर चहा पीत बसलो होतो. आपल्यातलाच एक पोरगा, फ्लेक्सचं दुकान चालवतो, बाजूला येऊन बसला. मी मोबाइलवर एक बातमी टाइप करत होतो. तो म्हणाला, "भाऊ, तुमी काऊन एवढं बोटं झिजवता? मोबाइलले सांगा न, तोच लिवून देते."

आणि त्यानं करूनच दाखवलं. 'चांदूर बाजारच्या समस्यांवर जहाल लेख लिही' एवढंच बोलला. चहाचा घोट गळ्याखाली उतरायच्या आत लेख तयार. शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं. 'ऐरणीवरचा प्रश्न', 'प्रशासनाची उदासीनता', 'नागरिकांमध्ये तीव्र नाराजी' हे सगळं जागच्या जागी. फक्त एक घोळ होता. लेखाच्या मधोमध आपलं गाव चांदूर रेल्वे होऊन बसलं होतं. आता नरखेडच्या लाइनीमुळं आपल्याकडंही स्टेशन झालंय हे खरं, पण म्हणून आपण चांदूर रेल्वे होत नाही. टपरीवर सगळे खदखदून हसले. मीही हसलो.

घरी आल्यावर मात्र हसू टिकलं नाही. ती एक चूक सोडली, तर तो लेख मी आजवर लिहिलेल्या निम्म्या लेखांपेक्षा काही वाईट नव्हता. 'तीव्र नाराजी' मी किती वेळा लिहिली असेल? आणि त्यातल्या किती वेळा खरोखर दहा नागरिकांना विचारून लिहिली असेल? मोबाइलनं माझी नक्कल केली आणि ती नक्कल बरी जमली. दुखलं ते तिथं.

म्हणून आज हा विषय. लिहिणाऱ्या माणसाचं आता काय होणार, आणि त्याच्याशी तुमचं वाचणाऱ्यांचं काय देणंघेणं.

पाकीट, फॅक्स आणि ती एक रात्र

मी या धंद्यात आलो २००१ साली, पत्रकारितेचा डिप्लोमा करून. तेव्हा बातमी हातानं लिहायची, कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून. पाकिटात घालायची, वर लाल पेननं 'तातडीचे वृत्त' लिहायचं आणि अमरावतीला जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायची. तिकडं स्टँडवर कार्यालयाचा माणूस उभा असायचा. बस पंक्चर झाली की बातमीही पंक्चर. पुढं एसटीडी बूथवरून फॅक्स आला. मग सायबर कॅफेत बसून टाइप करणं आलं, तिथं फाँट जुळला नाही तर तिकडं नुसते चौकोन उमटायचे. मग युनिकोड आलं, व्हॉट्सॲप आलं. आता अपघाताच्या जागी उभं राहून बोलतो आणि मोबाइल आपोआप अक्षरं उमटवतो. चार मिनिटांत बातमी तुमच्या हातात.

या सगळ्यात एक गोष्ट हरवली, ती माझ्या फार उशिरा लक्षात आली. पूर्वी मी लिहिलं आणि तुम्ही वाचलं यांच्यामधे एक रात्र असायची. त्या रात्री डेस्कवरचा उपसंपादक बूथवर फोन करायचा. "मृताचं वय काय? गाव शिरजगाव म्हणजे शिरजगाव कसबाच ना? हे पोलिसांनी सांगितलं की गावकऱ्यांनी? दुसऱ्या बाजूला विचारलंस का?" तेव्हा त्या माणसाचा भयंकर राग यायचा. रात्री दहा वाजता पुन्हा शर्ट घालून ठाण्यात जावं लागायचं. आज ती रात्रही गेली आणि मधला तो माणूसही गेला. आता मी, माझा अंगठा आणि तुम्ही.

पैशांचं सांगायचं तर तेव्हाही नव्हते आणि आताही नाहीत. तालुक्याच्या वार्ताहराला पगार असतो असा कित्येकांचा समज आहे. राजेहो, पगार नसतो. मानधन असतं, आणि तेही पेट्रोलला पुरत नाही. बाकी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, दिवाळी आणि नेत्यांचे वाढदिवस हे आमचे चार हंगाम. सकाळी ज्याच्या कामावर बोट ठेवायचं, दुपारी त्याच्याच दारात पुरवणीची जाहिरात मागायला उभं राहायचं. अशा वेळी लेखणी किती सरळ चालेल, याचा हिशेब तुम्हीच करा. दरवर्षी ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांच्या फोटोला हार घालतो. त्यांनी १८३२ साली 'दर्पण' काढलं म्हणून तो पत्रकार दिन. शाल, श्रीफळ, एक डायरी मिळते. माझ्याकडं डायऱ्यांचा गठ्ठा झालाय. बायको त्यात दुधाचा हिशेब लिहिते.

पुस्तकाची गोष्टही तीच. काही वर्षांपूर्वी माझे लेख गोळा करून मी पुस्तक काढलं. काढलं म्हणजे माझ्याच पैशांनी काढलं. तीनशे प्रती आल्या. त्यातल्या दीडशे मी वाटल्या, तीसेक विकल्या गेल्या, बाकीच्या दिवाणात आहेत. पाहुणे मुक्कामाला आले की माझ्या साहित्यावर झोपतात. आपल्या वऱ्हाडाला हे नवीन नाही. 'धग' लिहिणारे उद्धव शेळके इथलेच, अमरावतीचे. १९६० साली आलेल्या त्या कादंबरीतली कौतिक अजून वाचकांच्या मनातून उतरली नाही. पण त्याच शेळक्यांना लेखणीवर संसार चालवायचा म्हणून पुढं ढीगभर कादंबऱ्या भराभर लिहाव्या लागल्या. एवढं मोठं नाव असूनही लेखणीनं सहजासहजी पोट भरलं नाही. मग आपली काय कथा!

तेव्हा 'लेखकाचे दिवस गेले हो' म्हणून मी रडणार नाही. पैशांच्या बाबतीत ते दिवस आपल्याकडं आलेच कधी होते?

आता ती कबुली

२०२३ चा हंगाम आठवा. अंबिया बहाराची संत्री झाडावर होती. बांगलादेशनं आयात शुल्क वाढवत वाढवत किलोमागं ८८ टक्यांवर नेलं होतं. आपला संत्रा तिकडं जाणं जवळपास थांबलं आणि इथं बगिच्या-बगिच्यात व्यापारी भाव पाडून मागत होते. सगळा तालुका एका बातमीकडं डोळे लावून बसला होता, की शुल्क कमी कधी होते.

एका सकाळी माझ्या मोबाइलवर एक फॉरवर्ड आला. बांगलादेशनं शुल्क हटवलं, आठ दिवसांत भाव चढणार, शेतकऱ्यांनी घाईनं सौदे करू नयेत. खाली कुण्या मोठ्या संघटनेचं नाव होतं. चार ग्रुपवर तेच आलं. मला वाटलं, चार ठिकाणाहून येतंय म्हणजे खरंच असेल. ते चारही एकाच ठिकाणाहून निघाले असतील हे सुचलं नाही. मी कुणालाही फोन केला नाही. वर दोन ओळी माझ्या जोडल्या, 'बळीराजा, थोडा धीर धर' अशा थाटाच्या, आणि टाकून दिलं. दुपारपर्यंत सहाशेच्या वर शेअर. लेख लिहून मला इतके शेअर कधी मिळाले नव्हते. खरं सांगतो, मला आनंद झाला होता.

संध्याकाळी कळलं की बातमी खोटी आहे. मी पोस्ट काढून टाकली. गुपचूप. एक ओळसुद्धा लिहिली नाही की बाबांनो, माझं चुकलं.

वर्षभरानं एका लग्नात पंगतीला बाजूला एक शेतकरी बसले होते. वय साठीच्या आसपास. ओळख निघाली. जेवता जेवता ते सहज म्हणाले, "तुमीच न ते संत्र्याचं लिवलं होतं? मी तवा सौदा मोडला न भाऊ."

माझा घास हातातच राहिला. त्यांचा बगीचा व्यापाऱ्यानं सव्वादोन लाखांत उक्ता मागितला होता. बयाना घ्यायचं तेवढं बाकी होतं. माझी पोस्ट त्यांच्या नातवानं वाचून दाखवली आणि ते म्हणाले, आठ दिवस थांबू. आठ दिवसांत भाव चढला नाही. फळगळ सुरू झाली. तो व्यापारी फिरकलाच नाही. शेवटी दुसऱ्याला दीड लाखात द्यावा लागला.

मी माफी मागायला लागलो तर त्यांनीच मला थांबवलं. म्हणाले, "तुमच्यावर राग नाई जी. बाकीचे काईबाई टाकतच रायतात, ते आमी सोडून देतो. तुमी लिवलं म्हणजे इचारूनच लिवलं असन, असं वाटलं."

राजेहो, मला आयुष्यात कुणी एवढं मोठं प्रशस्तिपत्र दिलं नाही आणि एवढी मोठी थोबाडीतही मारली नाही. एकाच वाक्यात दोन्ही.

पंचाहत्तर हजारांचा तो फटका माझ्या नावावर आहे. त्या दिवशी मी लेखक नव्हतो. मी एक टाकी होतो, वरून आलं ते खाली सोडलं. आणि चूक झाली त्याहून मोठं पाप म्हणजे ती पुसून टाकली. कागदावर छापलेलं पुसता येत नाही. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात का होईना 'चूकभूल' छापावी लागते. इथं बोट दाबलं की चूक झालीच नव्हती. पण बगीचा तर विकला गेला होता ना. म्हणून तेव्हा द्यायचा खुलासा आज देतोय. उशिरा देतोय, माफ करा.

वीसेक किलोमीटरवर राहिलेला एक जण

या प्रसंगानंतर माझ्या डोक्यात एक माणूस बसलाय. सातशे वर्षांपूर्वीचा. म्हाइंभट.

आपल्याकडून मोर्शीच्या वाटेला लागलं की रिद्धपूर येतं. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठ झालं म्हणून सगळ्यांना ठाऊक झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हाही रिद्धपूरचं नाव सगळीकडं गाजलं. तिथं म्हाइंभटांनी तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' लिहिलं, मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ. हे आपण भाषणात अभिमानानं सांगतो. पण ते लिहिलं कसं, हे कुणी सांगत नाही. माझ्या मते खरी गोष्ट ती आहे.

श्रीचक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांच्या आठवणी माणसा-माणसांत विखुरलेल्या होत्या. म्हाइंभट विद्वान माणूस. रिद्धपूरला बसून, डोळे मिटून, सुंदर सुंदर चरित्र रचून देणं त्यांना अवघड नव्हतं. त्यांनी तसं केलं नाही. जो प्रसंग ज्याच्यासमोर घडला, त्या माणसाला गाठलं. त्याला विचारलं. आलेलं नागदेवाचार्यांकडून तपासून घेतलं. दोघांनी एकच गोष्ट वेगवेगळी सांगितली, तर आपल्या मनानं एक खरी आणि एक खोटी ठरवून टाकली नाही. अमक्याचं म्हणणं असं, तमक्याचं तसं, अशी नोंद ठेवली. आज आम्हाला डिप्लोमात जे शिकवतात, ते हा माणूस इथं, आपल्या शेजारी, सातशे वर्षांपूर्वी करून बसला होता. ना गाडी, ना फोन.

पुढं परंपरा सांगते की आक्रमणाच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. मग लोकांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली, म्हणून तिचे वेगवेगळे पाठ झाले. मला यात एक गोष्ट दिसते. पोथी गेली, तरी माणसांना विचारून मिळवलेलं होतं म्हणून ते माणसांत शिल्लक होतं.

आणि दुसरे आपल्या तालुक्याचेच, माधानचे. प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज. तान्हेपणीच डोळे गेले. १९१५ साली, उण्यापुऱ्या चौतिसाव्या वर्षी देह ठेवला. तेवढ्या आयुष्यात शंभराहून जास्त ग्रंथ! दुसऱ्यांनी वाचून दाखवायचं, यांनी ऐकायचं. यांनी सांगायचं, दुसऱ्यांनी लिहून घ्यायचं. वेदान्तावर तर बोललेच, पण डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचाही समाचार घेतला, आणि बायाबापड्यांसाठी गाणीही रचली. एवढ्या ग्रंथांतलं एक अक्षर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तरी 'हे महाराजांनी लिहिलं नाही' असं माधानात कुणी म्हणून तर बघा!

म्हणून टपरीवरच्या त्या पोराला मला हे सांगायचं आहे. बाबा, मोबाइलनं लिहून घेण्यात मला काही लाज वाटत नाही. मीही बोलून टाइप करतो. शुद्धलेखन तपासायला मशीनची मदत घेतो. अक्षर कुणाच्या हातचं आहे यावर लेखक ठरत असता, तर गुलाबराव महाराज लेखक ठरले नसते. मी एवढंच विचारतो की विचार कुणाचा? माहिती कुणाला विचारून आणली? आणि उद्या ती खोटी निघाली तर लग्नाच्या पंगतीत मान खाली कोण घालणार? मोबाइल पंगतीला बसत नाही.

मग सुख कशात आहे?

एवढी रड आहे तर लिहिता कशाला, असं माझा मुलगाही विचारतो. तो म्हणतो, बाबा, बहिरमच्या यात्रेतल्या रोडग्यांची रील टाका, लाखभर लोक बघतील. बरोबर आहे त्याचं. टाकलीही होती. माझ्या झेडपी शाळेच्या गळक्या छतावरच्या लेखापेक्षा त्या हंडीतल्या रश्शाला पंचवीसपट जास्त लोकांनी पाहिलं. रश्शाशी माझं भांडण नाही, मीही हाणून खातो.

पण एक प्रसंग सांगतो, मग कळेल.

मागच्या हिवाळ्यात एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरकाका वारले. माझी पाकिटं अमरावतीला नेणाऱ्यांपैकीच एक. त्यांच्या घरच्यांनी निधनवार्तेसाठी फोन केला. नाव, वय, मागे कोण कोण, अंत्ययात्रा किती वाजता, एवढं सांगितलं. एवढ्या माहितीवर मशीननं क्षणात लिहून दिलं असतं. मीही शेकडो वेळा लिहिलंय. 'ते मनमिळाऊ स्वभावाचे होते, त्यांच्या जाण्याने परिसरात हळहळ व्यक्त होत आहे.' आपल्या तालुक्यात मेलेला प्रत्येक माणूस मनमिळाऊच निघतो.

त्या दिवशी मात्र मी गाडी काढली आणि स्टँडवर गेलो. जुन्या कंडक्टरला विचारलं, डेपोतल्या माणसाला विचारलं, ब्राह्मणवाड्याकडच्या एका बाईंना विचारलं. त्या बाईंनी सांगितलं, की त्या शाळेत होत्या तेव्हा फाट्यावर थांबा नव्हता. सहा-सात मुली भर पावसात उभ्या असायच्या. काका रोज गाडी थांबवायचे. एखादी मुलगी दिसली नाही तर हॉर्न वाजवून मिनिटभर वाट पाहायचे. त्यावरून त्यांना एकदा वरिष्ठांकडून मेमोही मिळाला होता. तो मेमो ते वरच्या खिशात ठेवायचे आणि गाडी थांबवायचेच. त्या बाई आज शिक्षिका आहेत. म्हणाल्या, "तो हॉर्न वाजला नसता तर माझं सातवीतच लग्न लागलं असतं."

मी तेवढंच लिहिलं. विशेषण एकही नाही. दोनशे शब्द असतील.

तेरवीच्या दिवशी काकांच्या मुलीचा फोन आला. तिनं ते सगळ्या पाहुण्यांसमोर वाचून दाखवलं होतं. तिला स्वतःलाच हॉर्नचं काही माहीत नव्हतं. वडिलांनी घरी कधी सांगितलंच नव्हतं. फोनवर ती काही बोलू शकली नाही, नुसती रडत होती. मीही इकडं गप्प.

लिहिण्याचं सुख विचारता ना? ते हे आहे. लेकीला तिचा बाप थोडा जास्त मिळाला, आणि मी विचारायला गेलो म्हणून मिळाला. मशीनकडं जगभरचं ज्ञान असेल, पण त्या हॉर्नची गोष्ट कुठंच लिहिलेली नव्हती. ती एका बाईंच्या मनात होती. कुणीतरी जाऊन त्यांच्या ओट्यावर बसल्याशिवाय ती बाहेर येणार नव्हती.

आपल्या तालुक्यात अशा किती गोष्टी असतील? विश्रोळीच्या धरणात कुणाची शेतं गेली, घाटलाडकीच्या कुण्या आजीच्या ओव्या, करजगावच्या कुठल्या शाळेनं किती पोरं घडवली. जुनी माणसं एकेक करून चालली. जे विचारलं नाही ते त्यांच्याबरोबर गेलं.

नावाची किंमत

एक गंभीर गोष्ट बोलतो. विचारून लिहिणं नेहमी असं गोड नसतं. कोकणातल्या राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे आठवतात का? आमच्यासारखेच, तालुक्याच्या पातळीवरचे. रिफायनरीच्या वादावर त्यांची बातमी ६ फेब्रुवारी २०२३ ला छापून आली आणि त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला गाडीनं उडवलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१७ साली कायदा मंजूर झालेला आहे. पण कायदा कागदावर असतो आणि तालुक्यातला पत्रकार रस्त्यावर असतो. ज्याच्याविरुद्ध लिहायचं तो मुंबईत बसलेला नसतो, तो रोज सकाळी त्याच टपरीवर चहाला येतो.

खोट्या नावाचा अकाउंट उघडून कुणावरही चिखल उडवता येतो. मशीनकडून रोज दहा जहाल लेख लिहून घेता येतात. त्याला ना फोन येतो, ना कुणी रस्ता अडवतं. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या गावात, विचारून खात्री करून लिहिणाऱ्याला मात्र किंमत मोजावी लागते. दोन्ही तुमच्या मोबाइलवर सारखंच दिसतं, त्याच अक्षरात, त्याच रंगात. फरक तुम्हालाच करावा लागेल.

आता तुमच्याकडं मागणं

मी फार काही मागत नाही.

पहिलं म्हणजे, कुणाचंही लिखाण पुढं पाठवताना खालचं नाव कापू नका. माझाच लेख नाव काढून मलाच चार वेळा आलाय, 'अवश्य वाचा' म्हणून. नाव ठेवा म्हणतो ते मानासाठी नाही. नाव असलं म्हणजे चुकलं तर कुणाची कॉलर धरायची हे कळतं.

दुसरं, माझं चुकलं तर सांगा. खासगीत शिव्या द्यायच्या त्या द्या, पण काय चुकलं तेही सांगा. उपसंपादकाची ती रात्रीची खुर्ची रिकामी आहे, तुम्ही बसा. आजपासून माझा नियम असा, की चुकलेली पोस्ट मी काढणार नाही. वरच लिहीन की हे चूक आहे, बरोबर असं आहे. आणि जेवढ्या मोठ्यानं चुकलो तेवढ्याच मोठ्यानं सांगीन.

तिसरं, पैशाचं. बोलायला संकोच वाटतो, पण बोलतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आपल्या चौकात एका दिवसात जेवढा पैसा उभा राहतो, तेवढ्यात एखादं चांगलं साप्ताहिक कितीतरी महिने चालेल. स्थानिक पेपर विकत घ्या, कोणताही घ्या. आपल्या भागातल्या लेखकाचं पुस्तक फुकट मागू नका, विकत घ्या. ज्याचा खर्च वाचक उचलत नाही त्याचा खर्च जाहिरातवाला उचलतो, आणि मग लिहिणाऱ्याला त्याच्याकडंच बघून लिहावं लागतं. मग 'पत्रकार विकले गेले' म्हणून तुम्हीच आम्हाला बोल लावता. अरे, तुम्ही आम्हाला विकत घेतलंच नाही, म्हणून दुसऱ्यानं घेतलं!

आणि चौथं, तरुण पोरापोरींना. लिहा. खरंच लिहा. वऱ्हाडीत लिहा, मराठीत लिहा, बोलून लिहा, मोबाइलकडून लिहून घ्या. आम्हाला छापून यायला वर्षं लागली, तुम्हाला ते दार सताड उघडं आहे. उलट मला तुमचा हेवा वाटतो. फक्त लिहायच्या आधी एका माणसाकडं जाऊन या. एकच प्रश्न विचारून या. जे मोबाइलला माहीत नाही असं एक वाक्य घेऊन या. मग बाकीचं कुणीही लिहिलं तरी चालेल, लेखक तुम्हीच.

त्या संत्रावाल्या काकांकडं मी उद्या सकाळी जाणार आहे. ही पोस्ट त्यांना मोबाइलवर पाठवणार नाही, त्यांच्यासमोर बसून वाचून दाखवीन. यात त्यांच्याविषयी लिहिलंय, तर आधी त्यांना विचारायला हवं होतं ना? फोनवर विचारलंय, नाव-गाव न टाकता लिहा म्हणाले. आणि वर म्हणाले, "सव्वादोन नाई भाऊ, दोन लाख तीस हजार मागतला होता. बराबर लिवा."

म्हणजे लिहिता लिहिताच माझी पहिली चूक सापडली. नियमाप्रमाणं वरचा आकडा पुसत नाही, तसाच ठेवतो. वर सव्वादोन लाख लिहिलंय ते चूक. बरोबर आकडा २ लाख ३० हजार. त्यामुळं फटकाही पंचाहत्तर हजारांचा नाही, ऐंशी हजारांचा.

(शेअर करायची असेल तर जशी आहे तशी, नावासकट करा.)